टर्बोचार्जर आणि त्याचा तेलपुरवठा

इंजिनाची शक्ती वाढवावयाची, तर त्यात अधिक इंधन जळले पाहिजे, आणि अधिक इंधन जाळावयाचे, तर त्याला अधिक हवा मिळाली पाहिजे. ही जादा हवा दाबून इंजिनात भरण्याचे काम टर्बोचार्जर करतो. त्यासाठी लागणारी शक्ती तो इंजिनाच्या क्रँककडून घेत नाही. सायलेन्सरवाटे एरवी वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर त्याचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेले चाक हवा ओढून इंजिनाकडे ढकलते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी ही कल्पना १९०५ साली एकस्वासाठी नोंदविली. पुढे जहाजांची व आगगाड्यांची डिझेल इंजिने आणि विमाने यांत तिचा उपयोग झाला. विक्रीच्या मोटारगाडीत टर्बोचार्जर प्रथम बसला तो अमेरिकेत, १९६२ साली, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर या गाड्यांत. सत्तरीच्या दशकात पोर्शे आणि साब यांनी युरोपात त्याचा प्रसार केला. आपल्याकडे १९९८ साली आलेली टाटा सफारी आणि २००७ साली आलेली डिझेलवरील मारुती स्विफ्ट या गाड्या टर्बोसहितच विकल्या गेल्या. आज डिझेलवर चालणारी जवळजवळ प्रत्येक नवी गाडी टर्बोची असते आणि पेट्रोलच्या लहान इंजिनांतही तो सर्रास आढळतो. कार्यालयाची जीप, रुग्णवाहिका, भाड्याची टॅक्सी, मालवाहू टेम्पो यांपैकी कोणतेही वाहन चालविणाऱ्याचा या यंत्राशी आता रोजचा संबंध येतो.

असे असूनही त्याच्याविषयीची माहिती मात्र तुटपुंजी आहे. गाडी धूर ओकू लागली, चढावर ओढ कमी झाली, शिटीसारखा आवाज येऊ लागला, की ‘टर्बो गेला’ असे निदान होते आणि मालकाच्या हाती मोठ्या रकमेचे बिल पडते. नवा टर्बो बसतो आणि कित्येकदा काही आठवड्यांत तोही जातो. मग दोष सुट्या भागाला, दुकानदाराला किंवा नशिबाला दिला जातो. वास्तविक टर्बोचार्जर आपल्या आपण क्वचितच बिघडतो. धूळ किंवा एखादा सुटा तुकडा चाकात शिरून होणारी हानी वगळली, तर बहुतेक बिघाडांचे मूळ तेलात सापडते. तेल उशिरा पोहोचले, कमी पोहोचले, घाण पोहोचले, किंवा पोहोचलेले तेल परत गेले नाही, अशा चारच प्रकारांत ही सारी कारणे बसतात.

दांड्याभोवतीचे तेल

टर्बोचार्जरच्या मधल्या पेटीत एक बारीक दांडा असतो. मोटारगाडीच्या टर्बोत त्याची जाडी साधारणतः ६ ते ८ मिलिमीटर, म्हणजे शाळकरी पेन्सिलीइतकी असते. गाडी वेगात असता हा दांडा मिनिटाला दीड लाख फेरे सहज घेतो आणि लहान टर्बोत हा आकडा दोन लाखांच्याही पुढे जातो. मिनिटाला दीड लाख म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे. ७ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा पृष्ठभाग या गतीला ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने सरकत असतो. त्याच दांड्यावरील ५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड सेकंदाला ३९० मीटरांपेक्षा अधिक अंतर कापते. हा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाहून जास्त आहे.

एवढ्या गतीने फिरणारा दांडा कोणत्याही धातूला प्रत्यक्ष टेकून राहू शकत नाही. तो तेलावर तरंगतो. सर्वसामान्य रचनेत दांड्याभोवती काशासारख्या मिश्रधातूचे दोन बुश असतात. हे बुश पेटीत घट्ट ठोकलेले नसून सैल असतात. बुशाच्या आतून दांड्यालगत आणि बाहेरून पेटीलगत, असे तेलाचे दोन पातळ थर असतात आणि दांड्याच्या मागोमाग बुशही त्याहून पुष्कळ कमी गतीने फिरत राहतो. या थरांची जाडी मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते. दांडा पुढेमागे सरकू नये म्हणून निराळे थ्रस्ट बेअरिंग असते. त्याच्यावरचा भार सर्वांत कठीण आणि त्याच्याकडे पोहोचणारे तेल बेताचे असल्यामुळे तेलाची टंचाई झाली, की पुष्कळदा पहिला बळी त्याचाच पडतो.

तेलाचे दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे आहे आणि ते वंगणाइतकेच महत्त्वाचे आहे. डिझेल इंजिनाचे निष्कास वायू टर्बोच्या चाकावर येतात तेव्हा त्यांचे तापमान ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकते. पेट्रोल इंजिनात ते ९५० अंशांच्याही वर जाते. त्या चाकापासून अवघ्या दोनतीन सेंटिमीटरांवर बुश असतो. वाहते तेल ही उष्णता अखंड काढून नेते म्हणूनच बुश टिकतो. यावरून एवढे ध्यानात येईल, की टर्बोला तेलाचा नुसता दाब पुरत नाही, त्याला तेलाचा प्रवाह हवा असतो. दाबमापकाचा काटा ठीक जागी असूनही टर्बो जळू शकतो, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु वाट तुंबलेली असली, तरी दाब दिसतच राहतो.

तेल येण्याची वाट

टर्बोला तेल इंजिनाच्याच पंपाकडून मिळते. फिल्टरमधून गाळून निघालेले तेल मुख्य वाहिनीतून एका बारीक नळीने टर्बोच्या डोक्यावर आणले जाते. बुशाच्या टर्बोला गाडी वेगात असताना साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅमच्या आसपास दाब मिळावा आणि मंद गतीला तो कमी असला तरी प्रवाह खंडित होऊ नये, अशी अपेक्षा असते. काही टर्बोंत बुशाऐवजी बॉल बेअरिंग असते. त्याला तेल फार कमी लागते, म्हणून त्याच्या मुखाशी सुमारे १ मिलिमीटर छिद्राची चकती बसविलेली असते. ही चकती हरवली म्हणून काढून टाकणे किंवा ‘जास्त तेल मिळेल’ म्हणून छिद्र मोठे करणे, हे दोन्ही प्रकार आढळतात आणि दोन्ही घातक आहेत. छिद्राचा व्यास दुप्पट केला, की वाट चौपट रुंद होते. पेटीत तेल मावत नाही आणि ते सीलमधून बाहेर येऊ लागते. उलट, बुशाच्या टर्बोला कारखान्याने दिलेली नसताना अशी चकती घातली, तर तो उपाशी मरतो.

नळी हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. ती निष्कास वायूंच्या तप्त मॅनिफोल्डजवळून जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिच्या आतल्या बाजूस कार्बनचा थर जमतो. बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून सुईएवढी उरलेली असणे ही विरळ गोष्ट नाही. काही इंजिनांत नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टमध्ये, ज्याला मेकॅनिक बँजो बोल्ट म्हणतात, एक चिमुकली जाळी असते. जाळीचा हेतू चांगला. पण ती तेथे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

युरोपात लाखो गाड्यांत बसलेल्या १.६ लिटरच्या एका डिझेल इंजिनाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. त्या इंजिनात इंजेक्टरखालच्या वॉशरमधून ज्वलनाचे वायू झिरपत. त्या वायूंमुळे तेलात काजळी साचे, तेल दाट होऊन चेंबरच्या तळाशी व पंपाच्या जाळीवर तिचा लगदा बसे, आणि शेवटी टर्बोच्या नळीतील बारीक गाळणी बुजून जाई. टर्बो जळे. गॅरेजवाले नवा टर्बो बसवीत आणि तोही थोड्याच दिवसांत जळे, कारण गाळणी, नळी आणि चेंबर पूर्वीसारखीच तुंबलेली असत. पुढे उत्पादकांनीच असे मार्गदर्शन केले, की प्रथम चेंबर उतरवून स्वच्छ करावा, नळी नवी घालावी, इंजेक्टरचे वॉशर बदलावेत आणि टर्बोतून ठरावीक वेळात किती तेल परत येते हे मोजल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. मूळ दोष एका स्वस्त वॉशरचा होता.

तेल परतण्याची वाट

येणाऱ्या तेलाची चिंता थोडेफार लोक करतात, जाणाऱ्या तेलाची फारसे कोणी करीत नाही. टर्बोत शिरताना तेल दाबाखाली असते. बुशातून बाहेर पडताच तो दाब संपतो आणि दांड्याच्या प्रचंड गतीने घुसळले गेलेले, हवा मिसळून फेसाळलेले तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्यास ढकलणारे कोणी नसते. म्हणूनच येणारी नळी बोरूएवढी बारीक आणि परतीची नळी अंगठ्याएवढी जाड असते. परतनळीचा आतील व्यास निदान १२ ते १३ मिलिमीटर असावा, ती सतत उतरती असावी, तिला कोठेही पिळा किंवा झोळ नसावा, आणि तिचे तोंड चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावे. टर्बोचे परतीचे तोंडही उभ्या रेषेपासून फार कलते असू नये. सुमारे ३५ अंशांच्या आत ते राहावे, असा संकेत आहे. टर्बो फार खाली बसविलेला असेल, तर तेल उपसून नेण्यासाठी स्वतंत्र पंपच द्यावा लागतो.

परतीची वाट अडली, तर काय होते? दांड्याच्या दोन्ही टोकांना असलेले सील रबराचे नसतात. पिस्टनच्या रिंगेसारखी ती बारीक धातूची कडी असतात आणि पेटीत तेल साचत नाही या गृहीतावरच त्यांचे काम चालते. तेल तुंबून दांड्याच्या वर आले, की ते एका बाजूने सायलेन्सरमध्ये जाऊन निळसर धूर होतो आणि दुसऱ्या बाजूने हवेच्या नळीत जाते. अशा वेळी ‘सील फुटले’ असे म्हणून टर्बो खोलला जातो, सील शाबूत निघते, तरीही संपूर्ण संच बदलला जातो आणि गळती तशीच राहते.

खरा दोष अनेकदा टर्बोपासून दूर असतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा ब्रीदरची नळी तुंबली, की क्रँककेसमध्ये वायूंचा दाब वाढतो आणि तो परतणाऱ्या तेलाला वर रेटतो. चेंबरमध्ये खुणेपेक्षा अधिक तेल भरले, तर परतनळीचे तोंड बुडते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही घरातील तेलाच्या बरणीविषयीची समजूत इंजिनाला लागू पडत नाही. एअर फिल्टर धुळीने बंद झाला असेल, तर मंद गतीला कॉम्प्रेसरच्या चाकामागे पोकळी निर्माण होऊन तेल बाहेर ओढले जाते. कच्च्या रस्त्यावर, विशेषतः खनिजाच्या वा चिऱ्याच्या वाहतुकीच्या मार्गावर चालणाऱ्या वाहनांचा फिल्टर म्हणूनच लवकर पाहावा लागतो.

सुरू करताना आणि बंद करताना

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत टर्बोच्या बुशांवर तेलाचा केवळ ओलावा उरलेला असतो. इंजिन सुरू झाल्यावर तेल सर्वांत दूरच्या टोकाला, म्हणजे टर्बोपर्यंत, पोहोचण्यास काही सेकंद लागतात. या काळात ॲक्सिलरेटर दाबून इंजिन ‘गरम’ करण्याची सवय टर्बोच्या आयुष्यावर घाला घालते. अर्धा मिनिट मंद गतीला राहू द्यावे आणि पुढचे दोनतीन किलोमीटर बेताने जावे, इतके पुरे. महिना दोन महिने उभ्या असलेल्या वाहनाच्या बाबतीत अधिक जपावे.

बंद करतानाची गोष्ट वेगळी आहे. चोर्ला घाट किंवा अनमोडचा घाट भरल्या गाडीने चढून माथ्यावर येताच चहासाठी चावी फिरविली, तर त्या क्षणी तेलाचा पंप थांबतो. तापलेल्या चाकाची उष्णता मात्र थांबत नाही. ती दांड्यातून बुशाकडे सरकते आणि तेथे अडकलेले तेल जळून त्याचा कोक होतो. हा कठीण काळा थर दर खेपेला थोडा थोडा वाढत जाऊन एके दिवशी तेलाची वाट बंद करतो. नदीकाठच्या गावांत याचाच दुसरा नमुना पाहावयास मिळतो. सुटू पाहणारी फेरीबोट गाठण्यासाठी गाडी भरधाव आणली जाते आणि बोटीवर चढताच इंजिन बंद केले जाते. अशा धावेनंतर मिनिट दीड मिनिट इंजिन मंद गतीला फिरू द्यावे. बोटीवर ते शक्य नसेल, तर धक्क्यापूर्वीचा एखादा किलोमीटर सावकाश यावे, म्हणजे तेच साधते.

या सल्ल्याचाही अतिरेक होतो. गावातल्या गावात, बाजाराच्या गर्दीतून हळूहळू आलेल्या गाडीचा टर्बो मुळात तापलेलाच नसतो. तेथे पाच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवणे म्हणजे इंधनाची नासाडी होय. ऐंशीच्या दशकापासून अनेक टर्बोंच्या मधल्या पेटीभोवती पाणी खेळविले जाऊ लागले. इंजिन थांबल्यावरही तापलेले पाणी वर चढते व थंड पाणी त्याची जागा घेते, त्यामुळे कोक होण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यानंतरही विजेवर चालणारा लहान पंप काही काळ पाणी फिरवीत राहतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी इंजिने हा विचार करूनच बनविलेली असतात. जुन्या व केवळ तेलाने थंड होणाऱ्या टर्बोला मात्र चालकाच्या सवयीवाचून दुसरा आधार नाही.

तेलाच्या निवडीबाबत कारखान्याच्या पुस्तिकेतील दर्जा आणि दाटपणा हेच प्रमाण मानावे. संश्लेषित तेल उष्णतेला अधिक टिकते व त्याचा कोक कमी होतो, त्यामुळे त्याचा जादा खर्च टर्बोच्या गाडीत सहसा वाया जात नाही. डबा कितीही महाग असला, तरी बदलण्याची मुदत वाढविता येत नाही. काजळी आणि तेलात उतरलेले इंधन डब्याची किंमत पाहत नाहीत.

इंजिन आपलेच तेल पिऊ लागते तेव्हा

टर्बोच्या तेलाकडील दुर्लक्ष खर्चावरच थांबते असे नाही. तडा गेलेल्या नळीतून तेल तापलेल्या टर्बाइनच्या घरावर पडले, तर आग लागू शकते. बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास येत असता ‘घरी जाऊन पाहू’ म्हणणे धोक्याचे आहे. डिझेल गाडीत याहूनही विचित्र प्रसंग ओढवतो. बुश पूर्ण झिजून तेल मोठ्या प्रमाणावर हवेच्या नळीत जाऊ लागले, तर इंजिन त्या तेलावरच चालू लागते. मग चावी फिरवून डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. उलट वेग वाढतच जातो आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो. चेंबरमधील तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत हे चालू राहते. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच झटक्यात सोडून इंजिन कोंडून बंद पाडावे. हवेचे तोंड सपाट फळीने बंद करता आले, तरी इंजिन थांबते. तेथे हात किंवा कापड कधीही लावू नये, कारण ते ओढले जाते. यांपैकी काहीच त्वरित साधत नसेल, तर प्रवाशांसह दूर जावे हेच श्रेयस्कर. बंद पडलेले असे इंजिन ‘एकदा पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करू नये.

हा प्रसंग अकस्मात येत नाही. त्यापूर्वी कित्येक दिवस तेल कमी होत असते आणि इंटरकूलरच्या रबरी नळ्यांत ते साचत असते. त्या नळ्या किंचित तेलकट असणे स्वाभाविक आहे. नळी वाकविताच तेल धार धरून ओतू लागले, तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्यावी.

नवा टर्बो बसविताना

जुना टर्बो कशाने गेला हे ठरल्याशिवाय नवा बसवू नये. निळा पडलेला दांडा आणि एकमेकांना चिकटलेले बुश तेलाची टंचाई सांगतात. बुशावरचे बारीक गोलाकार ओरखडे तेलातील घाण दाखवितात. परतीच्या तोंडाशी काळे खडे असतील, तर तप्त इंजिन वारंवार तडकाफडकी बंद केले गेले असे समजावे.

त्यानंतर तेल व फिल्टर नवे घालावेत. तेलाची नळी धुऊन पुन्हा वापरण्याऐवजी नवीच घ्यावी. आतला कोक रॉकेलने निघत नाही, आणि अर्धवट सुटलेला खडा नव्या बुशात जातो. परतनळी आरपार पाहून घ्यावी. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी बदलावेत. तेलाच्या तोंडावरील गॅस्केटला सिलिकोनचा लेप मुळीच लावू नये, तसेच आट्यांना टेफ्लॉनची फीतही गुंडाळू नये. दाबल्यावर आत आलेला त्याचा एखादा कण १ मिलिमीटरचे छिद्र बुजविण्यास पुरेसा असतो. हवेच्या नळ्या व इंटरकूलर यांतील जुने तेल आणि फुटलेल्या चाकाचे कण काढून टाकावेत.

नळी जोडण्यापूर्वी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून चाक हाताने हळूच फिरवावे, म्हणजे बुश कोरडे राहत नाहीत. मग इंधन तोडून, इंजिन पेट घेणार नाही अशा रीतीने, स्टार्टर थोडा थोडा वेळ मारावा आणि परतीची नळी सुटी ठेवून तिच्यावाटे तेल पडू लागले की नाही ते पाहावे. तेल पडू लागल्यावरच ती जोडावी व इंजिन सुरू करून ते काही मिनिटे मंद गतीला ठेवावे. या वेळी सांध्यांवर गळती दिसते का ते तपासावे. शेवटी इंजिन बंद करून, तेल खाली उतरण्यास थोडा अवधी देऊन, पट्टीवर पातळी पाहावी आणि कमी असेल तेवढेच तेल वर घालावे.